एकविसाव्या वर्षाचं पान

ताईनं चष्मा लावला, घसा साफ केला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'रविवार मंडळाची पहिली बैठक आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यावरच्या खोलीत झाली. वाजवणारे चार होते. ऐकायला कोणीही नव्हतं.'"

"मी होते की," माई म्हणाल्या.

"माई, तू वाजवत होतीस."

"वाजवताना ऐकतही होते. बाकीचे तिघं नव्हते ऐकत, हे खरं."

दादाची लेक चिमणी फिसकन हसली. दादानंही मान खाली घालून हसू दाबलं. पुढच्या रविवारी संध्याकाळी मंडळाला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मंडळाच्या इतिहासाचं एक छोटं पुस्तक पडावं, अशी ताईची हौस. लिहिणार ती, छापून आणणार आणि बांधणार दादा. उद्या मजकूर छापखान्यात जायचा होता, म्हणून आजचं वाजवणं रद्द करून सगळे सकाळी नऊलाच कारखान्यातल्या लांब टेबलाभोवती बसले होते. टेबलावरचे पुठ्ठे, दोऱ्याची रिळं आणि खळीचा डबा एका बाजूला सरकवून दादानं कपांपुरती जागा केली होती.

ताई पुढे वाचत राहिली. गणित शिकवण्यात तीस वर्षं घालवलेल्या बाईचं लिखाण होतं ते. आकडे चोख आणि विशेषणं जवळजवळ नाहीतच. तरीही ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहत होतं. बाइंडिंग करणारे, ताई-दादांचे वडील आप्पा आणि त्यांचं व्हायोलिन. दिवसभर लोकांचे कपडे शिवून संध्याकाळी गुडघ्यांत चेलो धरणाऱ्या माई. माईंचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा, दिवसा बस चालवायचे आणि रविवारी व्हायोलिनहून जरा मोठा असा व्हिओला वाजवायचे. चौथे दाताचे डॉक्टर, ते पुढे दुसऱ्या गावी गेले. मोठ्या वाद्यवृंदात पुढे एक जण काठी घेऊन उभा असतो. इथं तसं कोणी नव्हतं. चार-पाच जणांनी एका खोलीत बसायचं, एकमेकांच्या श्वासाकडे बघून सुरू करायचं आणि शक्य झालं तर एकत्रच संपवायचं. ज्याला वाजवावंसं वाटेल त्यानं यावं, हा मंडळाचा एकमेव नियम आप्पांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दारावर चिकटवला होता.

"'सातव्या वर्षी पाण्याचा नळ फुटून खोलीत घोटाभर पाणी झालं. कार्यक्रम जिन्यात केला. चेलो मधल्या वळणावर होता. श्रोते तीन. पैकी एक झोपले.'"

"ते झोपले नव्हते," माई म्हणाल्या, "डोळे मिटून ऐकत होते."

"घोरत होते, माई," दादा म्हणाला. "मी शेजारीच बसलो होतो."

"'अकराव्या वर्षी शनिवारच्या एका जादा तालमीच्या वेळी पत्रं टाकायला आलेले पोस्टमन जिन्यात उभे राहून ऐकत होते. पुढच्या रविवारी ते स्वतःचं व्हायोलिन घेऊन आले. ते दहा वर्षं दुसरं व्हायोलिन वाजवत होते.'" इथं ताईचा आवाज किंचित घाईला आला. पान उलटलं. "'एकविसाव्या वर्षी आमचे व्हिओलावादक आणि एक व्हायोलिनवादक खाजगी कारणांमुळे मंडळातून बाहेर पडले. बाविसाव्या वर्षी मंडळानं प्रथमच...'"

"थांब गं," माई म्हणाल्या.

ताई थांबली. आपल्याला थांबवलं जाणार हे तिला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं.

"खाजगी कारणं म्हणजे कोणती?"

"माई, असं लिहितात," दादा म्हणाला. "तशी पद्धतच आहे."

"पद्धत असेल. मी कारण विचारतेय."

"मामाआजोबांबद्दल आहे ना हे?" चिमणीनं विचारलं. दादाची ही मुलगी वीस वर्षांची होती आणि गेली दोन वर्षं मंडळात व्हिओला वाजवत होती, म्हणजे मामांच्याच जागेवर. "ते का गेले?"

ताईनं भावाकडे पाहिलं. भावानं कागदाची एक चळत उचलून टेबलावर आपटून सारखी केली.

ती चळत आधीच सारखी होती, हे वहिनीच्या नजरेतून सुटलं नाही. ती दवाखान्यात लोकांना व्यायाम शिकवायची. माणूस तोंडानं काय सांगतो याच्यापेक्षा त्याचे खांदे काय सांगतात याकडे तिचं लक्ष जास्त. नवऱ्याचे खांदे आता कानांपर्यंत वर गेले होते. ती स्वतः कुठलंच वाद्य वाजवत नव्हती, पण एकवीस वर्षं या मंडळाच्या खुर्च्या तिनंच मांडल्या आणि उचलल्या होत्या. मामा गेले त्या दिवशी ती तान्ह्या चिमणीला घेऊन माहेरी होती. लग्नानंतरच्या त्या दुसऱ्याच वर्षी मामांची गोष्ट तिला सांगण्यात आली होती. मामांना मोठेपणा चढला, आप्पांशी तोंडाला तोंड दिलं आणि भर कार्यक्रमाच्या दिवशी निघून गेले. एवढीच.

"मामांचं आणि आप्पांचं भांडण झालं, हेच ना कारण?" ती म्हणाली. "मग तसं लिहा. त्यात लपवायचं काय?"

ताईनं चष्मा काढला. "तसं झालं नव्हतं, वहिनी."

"ताई," दादा म्हणाला. नुसतं 'ताई', पण त्यात अख्खं वाक्य होतं.

"दादा, मी तुझं ऐकलं. तू म्हणालास, हे पान नको, मी दुसरं लिहिलं. पण माईनं विचारलं तर खोटं सांगणार नाही, हेही तुला तेव्हाच सांगितलं होतं." तिनं पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला कागद बाहेर काढला.

"ते फाडलंस म्हणाली होतीस!"

"गणिताची बाई आहे मी. कच्चं काम फाडत नाही."

आणि तिनं वाचलं. एकविसाव्या वर्धापनदिनाला मोठ्या वाद्यवृंदातले एक नावाजलेले वादक ऐकायला आले होते. दादा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, पहिल्यांदाच पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्या पाहुण्यांनी आपल्याला बोलावून घ्यावं असं त्याला फार वाटत होतं. संथ भागात पोस्टमनकाका अर्धा सूर खाली गेले आणि तिथंच राहिले. पाहुणे हसले. कार्यक्रम संपल्यावर दादानं पोस्टमनकाकांना जिन्यात गाठलं.

ताईनं कागदावरचं जसंच्या तसं वाचलं, "'तो म्हणाला, तुमच्यामुळे आमची लाज जाते, उद्यापासून येऊ नका. मामांनी आप्पांना विचारलं, दाजी, हे मंडळाचं म्हणणं आहे का? आप्पांनी उत्तर दिलं नाही. मामांनी एका हातात आपला व्हिओला घेतला, दुसऱ्या हातात पोस्टमनकाकांच्या व्हायोलिनची पेटी घेतली आणि दोघे जिना उतरले. ही लिहिणारी तिथंच उभी होती. तीही काही बोलली नाही.'"

चहावर साय धरली होती. बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली.

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस," वहिनी म्हणाली.

"तू नवीन होतीस," दादा म्हणाला.

"एकवीस वर्षं झाली. अजून किती दिवस नवीन राहायचं मी?"

"बाबा," चिमणी म्हणाली, "तुम्ही असं बोललात? पोस्टमनकाकांना?"

तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून वहिनीचा राग अचानक दिशा बदलून गेला. आत्तापर्यंत नवऱ्यावर चढलेला आवाज तिनं लेकीकडे वळवला. "ए, बापाकडे असं बघायचं नाही. तेव्हा तो आत्ताच्या तुझ्याहून नऊ वर्षांनीच मोठा होता. तुझं तोंड सुटतं तेव्हा तू कमी बोलतेस का? परवा दुकानातल्या त्या मुलीला काय म्हणालीस, सांगू सगळ्यांना?"

दादानं बायकोकडे चमकून पाहिलं. अशा वेळी ही आपल्या बाजूला उभी राहील, असं त्याला अजिबात वाटलं नव्हतं.

"मी तुझी बाजू घेत नाहीये," वहिनीनं त्यालाही सुनावलं. "तू चुकलासच."

माई इतका वेळ खिडकीकडे बघत होत्या. त्यांना त्या दिवसाचा जिना दिसत नव्हता, कारण त्या जिन्यात नव्हत्याच. त्या खोलीत होत्या, चेलो पुसत होत्या, आणि दार अर्धं उघडं होतं. इतकी वर्षं मुलांना वाटत आलं होतं की माईला काहीच माहीत नाही. माईंनीही ते तसंच वाटू दिलं होतं. बिचारी माई, नवरा एकीकडे आणि भाऊ दुसरीकडे, असं लोक म्हणायचे. आणि त्या ते ऐकून घ्यायच्या, जसं गिऱ्हाइकानं केलेलं, आपल्या मापाचं नसलेलं कौतुक ऐकून घ्यायचं तसं.

"एक ओळ राहिली त्यात," त्या म्हणाल्या.

"कोणती?" ताईनं विचारलं.

"मी ऐकलं होतं सगळं. मी उठले आणि दार लावून घेतलं."

दादा म्हणाला, "माई, तू कशाला..."

"बोलू दे मला. मनात म्हटलं, बरं झालं. मी सांगायचं ते पोरानं सांगितलं. दहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून माझे दात आंबले होते रे. ते खाली जायचे आणि मला वाटायचं, चेलो आपटावा. आणि पुढच्या रविवारी नवीन माणसं घेऊन वाजवलं. इतकं छान वाजलं! मंडळ सुरू झाल्यापासून तसं वाजलं नव्हतं. घरी आले आणि भावाला फोन करायला उचलला, तर नंबर फिरवायचा धीर होईना. छान वाजलं नसतं, तर केला असता."

ताईनं हळूच आईच्या पाठीवर हात ठेवला. माईंनी तो झटकला नाही, पण त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

"आप्पा गेले तेव्हा तो आला होता. मागे उभा राहिला. वाढदिवसाला फोन करतो. कशी आहेस विचारतो, मी बरी आहे म्हणते. त्याच्या घरी पाऊल नाही ठेवलं मी एकोणीस वर्षांत. राग माझ्यावर त्याचा नाहीये. मलाच तोंड नाही."

"मग काय छापायचं?" ताईनं विचारलं. "पहिलं की दुसरं?"

"दोन्ही नको," माई म्हणाल्या. "ज्यांचं ते पान आहे त्यांना विचारा आधी. दादा, तू जा."

"आत्ता?"

"उद्या छपाई आहे ना? मग काय परवा जाणार आहेस?"

मामा बस डेपोच्या मागच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहत होते. दादा पहिल्या दोन मजल्यांपर्यंत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. तिसऱ्या मजल्यावर ती सगळी विसरला, कारण वरून वाद्यांचा आवाज येत होता. एक व्हिओला आणि एक व्हायोलिन. त्यानं घड्याळात पाहिलं. सव्वाअकरा. रविवार. एरवी याच वेळी ते सगळे कारखान्यावर वाजवत असत.

व्हायोलिन थोडं खाली होतं. दादाचा कान ते पकडल्याशिवाय राहिला नाही, आणि आपल्या कानाचा त्याला तिथंच जिन्यात राग आला.

संपेपर्यंत तो थांबला. मग बेल वाजवली. दार मामांनी नाही, पोस्टमनकाकांनी उघडलं. पंचाहत्तरीच्या पुढचे, वाळलेले, कानात यंत्र, हातात व्हायोलिनचा गज. त्यांनी दादाकडे खालून वर पाहिलं.

"अरे," ते आत वळून ओरडले, "तुझा भाचा आलाय! जाड झालाय!"

मामा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. तिथंच दोन खुर्च्या, तिथंच स्वरलिपीचे कागद साखरेच्या बरणीला टेकवून उभे केलेले. "ये," ते म्हणाले. "माई बरी आहे ना?" दादाचा चेहरा बघून त्यांना भलतंच वाटलं होतं.

"माई बरी आहे. मी वाचून दाखवायला आलोय. एक पान आहे."

"कसलं पान?"

दादानं घडी उघडली आणि उभ्यानंच वाचलं. 'तुमच्यामुळे आमची लाज जाते' हे त्याला दोनदा वाचावं लागलं, पहिल्या वेळी आवाजच फुटला नाही, आणि पोस्टमनकाका कानाला हात लावून म्हणाले, "मोठ्यानं." वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मी चुकलो, काका. फार वाईट बोललो. त्या पाहुण्यांनी मला कधी बोलावलंच नाही, पण बोलावलं असतं तरी ते वाईटच होतं."

पोस्टमनकाकांनी गज टेबलावर ठेवला.

"मी बेसूर होतो," ते म्हणाले. "मला माहीत होतं. दिवसभर पायपीट करायची, घरी बायको आजारी. रियाजाला वेळ कुठून आणणार? रविवारी तेवढा एक तास. मला वाटायचं, मंडळ त्यासाठीच असतं."

दादा उभाच राहिला.

"तू तेव्हा उद्यापासून येऊ नका म्हणालास," काका पुढे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तुमची पत्रं होती. मी टाकून गेलो. तू दार उघडलंस आणि माझ्याकडे न बघता पत्रं घेतलीस. ते मला जास्त लागलं. ते लिही हवं तर."

"लिहितो," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. पुसायला हात मोकळा नव्हता, कारण कागद होता.

"आणि अर्धा सूर चूक आहे," काका म्हणाले. "अर्धा नव्हतो मी. पाव लिही."

मामा जोरात हसले. "पाव? पावाहून जास्त होतं रे!"

"तू गप्प बस. तू तेव्हा पान उलटत होतास."

मामांनी भाच्यासाठी स्टूल ओढलं, चहा टाकला. इतक्या वर्षांत काय काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. चिमणी व्हिओला कसा धरते, एवढंच विचारलं. दादानं सांगितलं, "कोपर फार वर ठेवते." मामा म्हणाले, "तिला पाठव माझ्याकडे." मग दादानं मुद्द्याचं काढलं. "रविवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे. तुम्ही दोघं या. नुसते ऐकायला नाही. वाजवायला."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"संध्याकाळचं बघू," मामा म्हणाले. "पण तालमीशिवाय कसं वाजवणार? आणि रविवारी अकराला आम्ही कुठं जात नाही. आमचं मंडळ असतं."

"तुमचं मंडळ?"

"एकोणीस वर्षं झाली. एकही रविवार चुकवला नाही. मला ताप असताना हा पलंगाशेजारी बसून वाजवायचा." मामांनी कपात साखर टाकली. "तुम्ही या इथं. वर चढायची तयारी असेल तर."

ताईनं ते पान त्याच दुपारी तिसऱ्यांदा लिहिलं. त्यात माईंची ओळ आली, सोमवारची पत्रं आली, आणि शेवटी एक वाक्य आलं: 'त्या वर्षापासून मंडळ दोन ठिकाणी चालू राहिलं.' पाव की अर्धा, यावर तिनं बराच विचार केला आणि 'थोडासा' असं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आकडा टाळला होता. दादानं ते वाचलं, काहीही न खोडता उद्याच्या गठ्ठ्यात ठेवलं.

पुढच्या रविवारी सकाळी साडेदहाला वसाहतीच्या दाराशी वरात उभी राहिली. चिमणीनं चेलो पाठीवर घेतला, आजीचं ऐकून न घेता. वहिनी माईंच्या मागे चालत होती आणि प्रत्येक मजल्यावर त्यांना सक्तीनं श्वास घ्यायला लावत होती. "गुडघा सरळ, माई. कठडा धरा. आता दहा मोजा." माई दहा मोजत नव्हत्या. त्या वर बघत होत्या.

चौथ्या मजल्यावर मामा दार उघडून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. माई कठड्याला धरून थांबल्या. दम लागला होता, म्हणून बोलता येत नव्हतं. किंवा बोलता येत नव्हतं म्हणून दम बरा वाटत होता.

"किती रे हे जिने तुझे," अखेर त्या म्हणाल्या.

"एकोणीस वर्षं एवढेच आहेत, माई."

त्यांनी भावाच्या दंडावर एक चापट मारली, जरा जोरातच. मग तिथंच हात ठेवून त्या आत गेल्या.

स्वयंपाकघर छोटं होतं. टेबल बाहेर काढावं लागलं, फ्रिजच्या दाराशी आपलं व्हायोलिन घेऊन ताई आणि खिडकीत चिमणी. दादा ओट्याला टेकून उभा राहिला. पोस्टमनकाकांच्या समोर माईंची जागा आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बरं आहे ना?" काकांनी विचारलं.

"काका, त्या दिवशी दार मी..."

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, माई. इकडून बोला."

माईंनी खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला सरकवली आणि सगळं सांगितलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, कारण हळू बोलून उपयोग नव्हता. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "चेलो आपटला नाहीत ते बरं केलंत. चांगलं वाद्य आहे." आणि खुंट्या पिळू लागले.

सहा वाद्यं सुरात लावायला पाव तास गेला. वहिनी दारात स्टुलावर बसली. इथं तिला मांडायला खुर्च्याच उरल्या नव्हत्या. मामांनी कोणता भाग ते सांगितलं, व्हिओला हनुवटीखाली घेतला आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघावं म्हणून भुवया उंचावल्या.

पोस्टमनकाकांचं लक्ष कागदावर होतं. भुवया त्यांना दिसल्याच नाहीत. ते सगळ्यांच्या दोन मात्रा आधी निघाले, एकटेच, थोडे खाली, पण अगदी निश्चिंत.

चिमणीनं वडिलांकडे पाहिलं. दादानं गज उचलला, काका कुठं पोहोचलेत ते पाहिलं आणि तिथून त्यांच्याबरोबर सुरू केलं. मागोमाग ताई आली, मग माई.